हाकेला ओ

१

दाणी सरांच्या प्रयोगशाळेत एक नियम होता. तो कुठं लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. चुंबकाच्या खोलीत नायट्रोजन भरायला एक जण आत गेला, की दुसऱ्यानं दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचं आणि थोड्या थोड्या वेळानं आतल्याचं नाव घेऊन हाक मारायची. आतल्यानं ओ द्यायची. ओ आली, की बाहेरचा आपल्या कामाला मोकळा. नाही आली, तर हातातलं टाकून आत धावायचं आणि माणसाला ओढून बाहेर काढायचं.

नवीन आलेल्यांना ह्याचं हसू यायचं. यवतमाळहून आर्णीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं हे विद्यापीठाचं केंद्र. त्यात एवढं महागाचं यंत्र, आणि सुरक्षा म्हणाल तर वावरात पाखरं हाकलायला देतात तसली आरोळी. हवेतला प्राणवायू मोजणारं एक यंत्र भिंतीवर होतं, पण ते कधीचंच बंद पडलेलं, आणि नवं यायचं तर मंजुरी यायला हवी. तोवर गळा होताच प्रत्येकाकडं.

सर मात्र हा विषय निघाला की हसत नसत. चुंबक म्हणजे तीन पायांवर उभं केलेलं, माणसाहून उंच पोलादी पिंप. त्याच्या पोटात तारेचं वेटोळं, ते द्रवरूप हेलियममध्ये बुडालेलं, आणि हेलियमभोवती द्रवरूप नायट्रोजनचं वेष्टन. दोन्ही सारखे उकळून उडून जातात, म्हणून सारखे भरावे लागतात. "भरताना जो वायू सुटतो ना, तो विषारी नाही," सर सांगत. "वास नाही, रंग नाही. तो फक्त खोलीतली हवा बाजूला सारतो. माणसाला गुदमरल्यासारखं वाटतच नाही. उलट हलकं वाटतं, बरं वाटतं. मग तो खाली बसतो, आणि उठत नाही." सर तरुण असताना, दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत, त्यांचा एक मित्र असाच बसला होता. त्याला हाक मारायला बाहेर कुणी नव्हतं. त्याबद्दल सर एकदाच बोलले, आणि नंतर बराच वेळ चष्म्याची काडी चावत राहिले.

खोली पूर्वी बियाण्यांचं गोदाम होती. जाड भिंती, वर एक झरोका, मागं अंगणात उघडणारं एक जुनं दार, आणि पुढं व्हरांड्याच्या टोकाला आपसूक मिटणारं जड दार. धूळ आत जाऊ नये म्हणून आणि बाहेरच्याला आतल्या हवेचा त्रास होऊ नये म्हणून पुढचं दार मिटलेलंच ठेवायचं. त्याला एक बारीकशी काच होती, पण भरताना ती वाफेनं पांढरी व्हायची. त्यामुळं बघायची सोय नव्हती. ऐकायचं, एवढंच.

वर्षा आडे ह्या प्रयोगशाळेत मोहाच्या बियांच्या तेलावर संशोधन करत होती. बियांचे नमुने पांढरकवड्याकडच्या गावांतून यायचे. ती काचेच्या बारीक नळीत तेल घ्यायची, नळी चुंबकात सोडायची, आणि तेलातले अणू जे काही हलकेच बोलत ते यंत्राच्या कानानं ऐकायची. तिचा धाकटा भाऊ ओम तिच्यामागून दोन वर्गांनी इथंच आला. आर्णीजवळच्या त्यांच्या तांड्यावरून एका घरातली दोन पोरं विद्यापीठात गेली, ह्याचं त्यांच्या याडीला, म्हणजे आईला, धुरपताबाईला, कौतुक होतं आणि धास्तीही. ओमला शेतीत रस होता. त्याला इकडं ओढून आणलं ते वर्षानं. "तू नेऊन राह्यली, तर तूच सांभाळजो," एवढंच धुरपताबाई म्हणाल्या होत्या. वर्षानं हो म्हटलं होतं. घरात असं हो म्हणताना माणूस फार विचार करत नाही.

२

होळी होऊन गेली होती, आणि दुपारची उन्हं चटके द्यायला लागली होती. नायट्रोजन भरायचा दिवस. वर्षा जेवून आली तेव्हा दाराशेजारच्या ताटलीत ओमचं घड्याळ आणि गाडीच्या किल्ल्या पडल्या होत्या. चुंबकाजवळ लोखंड न्यायचं नसतं, म्हणून आत जाणारा आपल्या अंगावरचं सगळं तिथं काढून ठेवतो. म्हणजे ओम आत गेला होता. तिनं खुर्ची ओढली, मांडीवर नळ्यांचा डबा घेतला, आणि एकेक नळी पुसत बसली.

"ओम?"

"हाव."

आतून वायूचा फुसफुस आवाज येत होता. पोलाद गार पडताना टचटच वाजतं, तसं मधूनच वाजायचं. वर्षाचं अर्धं लक्ष नळ्यांत होतं. हाक मारायला लक्ष लागतच नाही, ती आपोआप तोंडातून निघते.

"ओम?"

"हाव."

असं बराच वेळ चाललं. मग व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून चपला वाजल्या, आणि तिनं मान वर केली. ओम येत होता. एका खांद्यावर रबरी पाइप, हातात चहाचे दोन ग्लास.

"तू बाहेर कवा आलास?" तिनं विचारलं.

"मी आत गेलोच कुठं अजून? पाइप चिरला होता, बाई. दुसरा शोधाले भांडारात गेलतो. तिथं कोणी नाही, मंग चहा घेत आलो." त्यानं ग्लास तिच्यापुढं धरला. "धर ना. हात भाजून राह्यला माहा."

वर्षानं ग्लास घेतला. मग ती उठली आणि तिनं दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. नायट्रोजनची टाकी कोपऱ्यात, तोंड बंद. फुसफुस आवाज कसला होता कोण जाणे. आता तोही नव्हता.

"काय झालं?" ओम म्हणाला.

"काही नाही."

चहा तिनं तिथंच उभ्यानं पिऊन टाकला. घशाखाली उतरला तो नुसता गरम होता, चव काही कळली नाही.

३

वर्षा भित्री नव्हती. तांड्यावरून निघून रोज एसटीच्या मागच्या दारात लोंबकळत कॉलेज केलेली मुलगी भित्री असून चालत नाही. शिवाय तिचं कामच असं होतं, की ऐकलेल्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. यंत्रातून जे येतं त्यात बहुतेक सगळा गोंगाट असतो. ज्याला जे ऐकायचं असतं ते त्याला गोंगाटात सापडतं, हे तिनं स्वतः नव्या पोरांना बजावलं होतं. आपण नळ्या पुसत होतो, ओम आत आहे असं धरून चाललो होतो, कानांनी आपल्या मनचं ऐकलं. झालं.

हे तिला पटलं. पटलेलं रात्रीपर्यंत टिकलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी मात्र ती प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी आली, बंद दारापुढं उभी राहिली आणि कुणी ऐकत नाही हे पाहून म्हणाली, "ओम?" आतून काही आलं नाही. मग प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचं नाव घेतलं, "भैरवी?" काही नाही. "वर्षा?" असंही म्हणून पाहिलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. खोली रिकामी आहे हे तिला ठाऊक होतं, आणि रिकाम्या खोलीनं रिकाम्या खोलीसारखं वागून दाखवलं.

पण हा अर्धाच प्रयोग झाला. पुढच्या वेळी भैरवी सबनीस आत जाणार होती. भैरवी यवतमाळातल्या वकिलाची मुलगी, बोलायला फटकळ, मनानं निर्मळ. तिला वर्षानं बाजूला घेतलं.

"एक गंमत करायची. पहिल्या दोन हाकांना ओ दे. मंग मी किती का हाका मारेना, तू गप्प राहायचं. दार उघडून सरळ बाहेर यायचं."

"का गं? कुणावर पैज लावलीस?"

"लावली समज."

भैरवी आत गेली. वर्षानं दोन हाका मारल्या. दोन्हींना भैरवीची नेहमीची, जरा वैतागलेली ओ आली, "आहे गं बाई." मग वर्षा थांबली. तिनं तळहात ओढणीला पुसले.

"भैरवी?"

"आहे गं बाई."

आवाज भैरवीचा होता. वैताग भैरवीचा होता. वर्षाला वाटलं, हिनं गंमत उलटवली माझ्यावर. आणि असं वाटताच तिला इतकं हायसं वाटलं की ती हसलीच. तेवढ्यात दार उघडलं आणि भैरवी हातमोजे काढत बाहेर आली.

"जमलं की नाही?" ती म्हणाली. "मला किती वेळा तोंडावर आलं होतं, पण मी ओठ घट्ट दाबून धरले."

वर्षा तिच्या तोंडाकडं बघत राहिली. थट्टा करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत कुठंतरी ती सापडतेच. भैरवीच्या डोळ्यांत नव्हती.

"तू ओ दिलीस," वर्षा म्हणाली.

"नाही दिली."

"माह्या कानानं ऐकलं मी."

भैरवीनं हातमोजे ठेवले. "वर्षा, तू दोन दिवस घरी जाऊन ये," ती हळू म्हणाली. "खरंच सांगते. चेहरा बघ तुझा." त्यानंतर भैरवी आत जायची तेव्हा बाहेर बसायला ती ओमला बोलवायची, वर्षाला नाही. त्याचं वर्षाला वाईट वाटलं.

४

ती सरांकडं गेली. श्रीकृष्ण दाणी म्हणजे शांत माणूस. विद्यार्थी बोलत असताना हातातलं पेन खाली ठेवणारे.

"सर, हाक मारायचा नियम बदला."

"का गं?"

हे कसं सांगायचं ह्याची तिनं वाटेत तयारी केली होती. ती सगळी तयारी सरांसमोर निकामी झाली. "सर, ओ येते. पण ती आतल्या माणसाचीच राहते असं नाही."

सरांनी तिला वेडी ठरवलं नाही. त्यांनी विचारलं, झोप होते का, जेवण होतं का, तेलाचे निकाल अडले आहेत का. मग म्हणाले, "हे बघ, मी इथं आल्यापासून हा नियम आहे. ह्या नियमामुळं एकही माणूस गेला नाही की पडला नाही."

"सर, कधी असं झालं का, की हाक मारली अन् ओ नाही आली?"

"नाही."

"एकदाही नाही? कोणी मागच्या दारानं अंगणात गेलं असन, कोणी विसरून गेलं असन, कोणाले ऐकू नाही आलं..."

सर थांबले. ते आठवत होते, आणि प्रामाणिक माणसासारखं आठवत होते. "नाही," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी आली. मी तेच तर सांगतोय तुला."

"मी पण तेच सांगून राह्यले, सर."

टेबलावरचा पंखा फिरत होता. सरांनी पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. त्यांना ते कळलं, असं तिला क्षणभर वाटलं. पण ज्या नियमावर माणसानं आपल्या मित्राचं मरण टेकवून ठेवलेलं असतं, तो नियम पोकळ आहे हे त्याला कसं कळणार? कळलं तर त्यानं जायचं कुठं?

शेवटी त्यांनी तिच्या समाधानासाठी एक गोष्ट मान्य केली. नुसती हाक मारायची नाही, प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आलं, तर माणूस शुद्धीवर आहे. "हे तर जास्त चांगलं आहे," सर म्हणाले. "आपल्याला आधी सुचायला हवं होतं." कमरेला दोर बांधायची तिची सूचना मात्र त्यांनी मोडीत काढली, दोर चुंबकाच्या पायांत अडकला तर उलटीच आफत.

हेलियमची टाकी हैदराबादहून निघाली होती. नायट्रोजन आठवड्याला लागतो, हेलियम काही महिन्यांनी; पण त्यात चुकलं तर चुंबक एका फटक्यात मरतो, आणि प्रत्येकाच्या संशोधनाची माती होते. हेलियमची नळी जोडण्यात ओमचा हात बसलेला होता. त्याला नको म्हणावं, तर कारण काय सांगणार?

त्या संध्याकाळी याडीचा फोन आला. ओम जेवला का, त्याला ऊन लागत नाही ना. वर्षा म्हणाली, सगळं ठीक हाये. फोन ठेवल्यावर ती बाजेवर बसून राहिली. तिला रडू आलं, आणि ते तिनं येऊ दिलं.

५

टाकी पांढरकवड्यावरून ट्रकनं आली ती दुपारी. सोबत असायला हवे होते सर आणि भैरवी. पण भैरवीकडं साखरपुडा होता आणि सरांना कुलसचिवांनी ऐन वेळी बोलावून घेतलं. "अर्ध्यावर येतोच मी," सर म्हणाले. "सुरू करा. टाकी उन्हात ठेवून चालणार नाही." हेलियम थांबत नाही. आज ठेवला तर उद्या कमी होतो.

"मी जाते आत," वर्षा म्हणाली.

"तुले नळी बसवता येते का?" ओम म्हणाला. "मांगच्या वेळी बर्फ जमवून ठेवला होतास. बस तू. प्रश्न विचार तुह्ये. मास्तरीण."

त्यानं घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, आणि जाताना तिच्या डोक्यावर टपली मारली. दार मिटलं. काच पांढरी होत गेली. आतून शिट्टीसारखा बारीक, न तुटणारा आवाज सुरू झाला.

"ओम, मोठ्या काकाचं नाव?"

"उत्तमसिंग. अन् त्याले कळलं मी नाव घेऊन राह्यलो, तर हाणते मले."

ती हसली. हा ओम होता. असं वाकडं बोलणं दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

"बोरी अरबले कोणाचं लग्न झालं?"

"शामचं. भाजीत मीठ नाही म्हणून तू रुसली होतीस, आठवते का?"

"मी नाही रुसले. याडी काल काय विचारत होती?"

"जेवला का. दुसरं काय विचारते ती?" मग तो खोकला. "बम थंड हाये इथं. नळी बसली."

बाहेर व्हरांड्यात ऊन दाराच्या पायरीपर्यंत आलं होतं. कुठंतरी कुणी मोटारसायकल चालू करत होतं आणि ती होत नव्हती. वर्षाचे खांदे हळूहळू सैल झाले. सरांनी ऐकलं, हे फार बरं झालं.

"मामाचं नाव?"

"हरिसिंग."

"शाळेतले गुरुजी?"

"धावजी गुरुजी."

"आपल्या घरामागं कशाचं झाड?"

"बाभळीचं."

उत्तरं बरोबर होती. वेळेवर येत होती. काहीतरी मात्र उणं होतं, आणि ते काय हे तिला चटकन समजेना. मग समजलं. त्यानं चेष्टा करायची सोडली होती. काम ऐन रंगात असेल, दोन्ही हात गुंतले असतील. अशा वेळी माणूस नेमकंच बोलतो. तिनं स्वतःला असं समजावलं आणि पुढचा प्रश्न शोधू लागली. सोपा सुचला.

"गाईचं नाव काय आपल्या?"

घरच्या गाईचं नाव ढवळी. तांड्यावरचं कुठलंही पोरगं सांगेल. पण तो प्रश्न विचारता विचारता वर्षाच्या मनात दुसरंच काहीतरी येऊन गेलं. ती अगदी लहान होती तेव्हा गोठ्यात एक वासरू झालं होतं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. ते जगणार नाही, त्याला नाव ठेवू नका, असं मोठी माणसं म्हणाली. तिनं मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही, याडीलाही नाही. वासरू चार दिवसांत गेलं. ओम तेव्हा जन्मायचा होता.

"चांदणी," आतून उत्तर आलं.

क्षणभर तिला त्या नावाचं बरंच वाटलं. इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी तोंडून ते ऐकू आलं म्हणून. मग ती ताडकन उठली. आणि मागची सगळी उत्तरं तिच्यापुढं एकामागून एक उभी राहिली. मामा, गुरुजी, बाभूळ. त्यातलं एकही असं नव्हतं, की जे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं.

६

तिनं छातीत मावेल तेवढा श्वास भरला आणि ती आत शिरली. मागं दार मिटलं.

कमरेएवढं पांढरं धुकं होतं. त्याच्यावर चुंबकाचं पिंप उभं, आणि त्याच्या माथ्यावरून वाफेचा झोत छताला लागून खाली येत होता. थंडी गालांना झोंबली. ओम कुठं दिसेना. तिला सगळं ठाऊक होतं, श्वास सोडायचा नाही, बोलायचं नाही. तरीही सवय ती सवय. तिच्या तोंडातून हाक निघून गेली, आणि तिचा अर्धा श्वास त्या हाकेसोबत गेला.

"ओम?"

"हाव."

आवाज चुंबकाच्या पलीकडून आला. ती तिकडं वळली, आणि तिचा पाय कशाला तरी लागला. ओम तिच्या पायाशी होता. मागच्या दाराजवळच्या भिंतीला टेकून बसलेला, मान छातीवर, ओठ जांभळे. तिनं हातानं धुकं बाजूला सारलं, तर त्याच्या नाकातोंडापुढची हवा स्वच्छ होती. त्या थंडीत श्वास घेणाऱ्या माणसाच्या तोंडापुढं वाफ दिसायला हवी. ओमच्या तोंडापुढं ती नव्हती.

वाफ चुंबकापलीकडं होती. उभ्या माणसाचं तोंड जिथं असेल तेवढ्या उंचीवर, श्वासाची एक लहानशी वाफ निघाली आणि विरली. तिच्याखाली, सगळीकडं धुकं भरलेलं असताना, एका जागी धुकं जात नव्हतं. माणूस मावेल एवढीच ती जागा होती.

वर्षानं पुढं पाहिलं नाही. पाहत बसली असती, तर ओम तिथंच राहिला असता. तिनं मागच्या दाराची कडी ओढली. ती गंजलेली होती, तिनं हाताचं कातडं सोलवटून घेतलं. दार उघडलं, आणि भावाला काखेत धरून ती उलट्या पावलांनी बाहेर पडली. डोळ्यांपुढं काळं येत होतं. त्या काळोखात एक विचित्र हलकेपणा होता, सर सांगायचे तसा, आणि खाली बसावं असं तिला मनापासून वाटत होतं. मग पाठीवर ऊन लागलं.

अंगणात कडुनिंबाखाली तिनं त्याला आडवा केला. त्याचं तोंड उघडून तिनं आपला श्वास त्यात भरला. छाती दाबली. पुन्हा भरला. तू नेऊन राह्यली, तर तूच सांभाळजो. पुन्हा. तिला त्याचा राग आला, याडीचा आला, सरांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. पुन्हा. ओमच्या घशातून खरखर आली. त्याची छाती तिच्या हाताखाली आपली आपण उचलली गेली, खाली गेली, परत उचलली गेली. ओठांचा जांभळा रंग हळूहळू उतरू लागला. तिनं कपाळ त्याच्या खांद्यावर टेकलं. तो जगला होता. दुसरं काही नको होतं तिला.

तेवढ्यात आतून, खोलीच्या पलीकडून, सरांचा आवाज आला. ते व्हरांड्यात पोचले होते. त्यांना रिकामी खुर्ची दिसली असणार, मिटलेलं दार दिसलं असणार, आणि वर्षा मदतीला आत गेली असं त्यांनी धरलं असणार. त्यांनी नियमाप्रमाणं हाक मारली.

"ओम?"

ओमनं डोळे उघडले. हाकेला ओ द्यायची त्यालाही सवय होती. त्याचे ओठ विलगले आणि हलले. वर्षाचं तोंड त्याच्यापासून वीतभर अंतरावर होतं. त्याच्या ओठांतून आवाज निघाला नाही.

"हाव, सर," खोलीतून उत्तर आलं.

ओम तिच्याकडं बघत राहिला. त्यानं पुन्हा ओठ हलवले, गळ्याला हात लावला.

"वर्षा?" सरांनी हाक मारली. "तू पण आहेस ना आत?"

सर, आम्ही बाहेर हाओ, अंगणात हाओ, माणसं घेऊन या. तिनं छाती भरून घेतली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली. मानेच्या शिरा ताणल्या, घसा आतून सोलून निघाला. कडुनिंबावरचा कावळासुद्धा हलला नाही.

"हाव, सर," खोलीतून वर्षा म्हणाली. "सगळं ठीक हाये."

व्हरांड्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि सर स्वस्थपणे बाहेर बसले.